क्रॉपी किती खोलीवर आहे?

क्रॉपी वर पाहून खातो. या माशाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची ठरवली, तर ती ही ठेवावी. त्याचे डोळे मोठे आणि डोक्यावर बरेच वर असतात, खालचा जबडा थोडा पुढे आलेला असतो आणि तोंड वरच्या दिशेने उघडते. बुडालेल्या झाडोऱ्याच्या आडोशाला तो पाण्यात जवळजवळ स्थिर उभा राहतो आणि डोक्यावरून काय जाते आहे याच्यावर नजर ठेवतो. आमिष फूटभर वर लोंबकळत असेल तर सावकाश वर येऊन ते ओढून घेतो. तेच आमिष फूटभर खाली गेले, तर बहुतेक वेळा त्याच्या लेखी ते नसल्यात जमा.

अमेरिकेतल्या तलावांवर त्यामुळे एक प्रसंग नेहमीचा. एकाच बुडालेल्या झाडावर दोन होड्या उभ्या आहेत, दोन्हींत काठ्या सारख्या, आमिष तेच, रंगही तोच. एका होडीत मासा लागत राहतो, दुसरीत काही नाही. थोड्या वेळाने दुसऱ्या होडीतून हाक येते आणि प्रश्न ठरलेला असतो: किती खोल? रंगाची, आमिषाची चौकशी त्यानंतर. क्रॉपी पकडण्याच्या जेवढ्या म्हणून युक्त्या आजवर निघाल्या, त्या जवळपास सगळ्या या एका प्रश्नाची उत्तरे आहेत. पुढच्या प्रकरणांत गाठी, गऱ्या, जिग, होडीचा वेग हे सगळे तपशिलाने येणार आहे. ते वाचताना हा प्रश्न मनात असला, की कोणती युक्ती कधी आणि का वापरायची हे पाठ करावे लागत नाही.

आधी माशाची ओळख. क्रॉपी हा मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या गोड्या पाण्याचा रहिवासी. बास आणि ब्लूगिल यांच्या कुळातलाच. त्याच्या दोन जाती आहेत, पांढरा क्रॉपी आणि काळा क्रॉपी. पांढऱ्याच्या अंगावर फिकट उभे पट्टे असतात, काळ्याच्या अंगावर शाई शिंपडावी तसे विस्कळीत ठिपके. पण नुसत्या रंगावर जाऊ नये. विणीच्या दिवसांत पांढऱ्या क्रॉपीचा नर डोक्यापासून छातीपर्यंत असा काळवंडतो, की नवखा माणूस त्याला हमखास काळा क्रॉपी समजतो. खात्रीची खूण पाठीवरच्या परात आहे. परातले टोकदार काटे मोजायचे: पाच किंवा सहा असले तर पांढरा, सात किंवा आठ असले तर काळा. ही मोजणी उगाच करायची नसते. पांढरा क्रॉपी गढूळ पाण्यात निभावून नेतो, काळ्याला निवळ पाणी आणि पाणगवत लागते. हातात कोणता आला आहे हे कळले, की पुढचा मासा तलावाच्या कोणत्या भागात आणि साधारण किती पाण्यात शोधायचा याचा अर्धा अंदाज तिथेच बांधता येतो.

दक्षिणेकडे हा मासा काही राज्यांत वेगळ्या नावाने भेटतो. फ्लोरिडात तो ‘स्पेक’ आहे, लुइझियानाच्या फ्रेंच वळणाच्या बोलीत ‘साकाले’. लुइझियानाने 1993 मध्ये पांढऱ्या क्रॉपीला गोड्या पाण्यातला राज्यमासा म्हणून मान दिला. मोठ्या, रुंद क्रॉपीला सगळीकडे ‘स्लॅब’ म्हणतात.

रोजच्या मासेमारीत येणारा क्रॉपी आठ ते बारा इंचांचा, अर्ध्या ते एक पौंडाचा. दोन पौंडांचा मिळाला तर त्याचे फोटो निघतात. तीन पौंडांचा मासा बऱ्याच मासेमारांना आयुष्यभरात दिसत नाही. पांढऱ्या क्रॉपीचा जागतिक विक्रम 5 पौंड 3 औंसांचा आहे. तो 1957 मध्ये मिसिसिपीच्या एनिड तलावावर नोंदला गेला आणि अजून मोडलेला नाही. काळ्या क्रॉपीचा 5 पौंड 7 औंसांचा विक्रम 2018 सालचा, टेनेसीतल्या एका खासगी तळ्यातला.

एनिडचे उदाहरण थोडे उलगडून पाहण्यासारखे आहे. या तलावाचे धरण 1952 मध्ये पुरे झाले, म्हणजे विक्रमी मासा आला तेव्हा तलाव जेमतेम पाच वर्षांचा होता. नव्याने पाणी भरलेल्या जलाशयात बुडालेली झाडे, गवत, माती यांच्यातून भरपूर अन्नद्रव्ये सुटतात, त्यावर सूक्ष्मजीव वाढतात, त्यांच्यावर लहान मासळी आणि तिच्यावर मोठी. जलाशयाची पहिली काही वर्षे मासळीच्या वाढीसाठी त्यामुळे फार चांगली जातात.

क्रॉपीच्या मासेमारीचा नकाशा पाहिला, तर त्यातली बहुतेक मोठी नावे अशा धरणांचीच आहेत. 1927 साली मिसिसिपी नदीला महापूर आला. त्यानंतरच्या काळात पूर अडवण्यासाठी मिसिसिपी राज्याच्या उत्तर भागात लष्कराच्या अभियंता दलाने चार जलाशय बांधले: सार्डिस, अर्काब्युटला, एनिड आणि ग्रेनेडा. आज हे चार तलाव क्रॉपीसाठी देशभर ओळखले जातात. ग्रेनेडाचे तर नावच तीन पौंडी क्रॉपीशी जोडले गेले आहे. टेनेसी नदीवरचे केंटकी धरण 1944 चे, आणि त्याच्यामागे पसरलेला केंटकी लेक सुमारे 1 लाख 60 हजार एकरांचा. अलाबामातला वाइस लेक स्वतःला क्रॉपीची जागतिक राजधानी म्हणवतो. रीलफूट हा या यादीतला वेगळा तलाव. टेनेसीच्या वायव्य कोपऱ्यातला हा उथळ तलाव कोणी बांधला नाही, 1811-12 च्या न्यू माद्रिद भूकंपांत जमीन खचून तो तयार झाला. पाण्याखाली गेलेल्या जंगलाचे खुंट त्यात अजून उभे आहेत आणि क्रॉपी त्या खुंटांना धरून राहतात.

पूर अडवणाऱ्या तलावांचे पाणी वर्षभर एका पातळीला राहत नाही, ही गोष्ट मासेमाराच्या फार कामाची आहे. ग्रेनेडासारख्या तलावातून शरद ऋतूपासून पाणी सोडून देतात, म्हणजे वसंतातल्या पावसासाठी जागा होते. हिवाळ्यातल्या आणि उन्हाळ्यातल्या पातळीत वीस फुटांहून अधिक अंतर पडते. उन्हाळ्यात जिथे होडी फिरते, तिथे जानेवारीत माणूस चालत जाऊ शकतो. जाणते मासेमार नेमके तेव्हाच चालत जातात. उघड्या पडलेल्या तळावर कुठे खुंट आहेत, जुन्या ओढ्याचे पात्र कुठून वळते, कुठे पडके कुंपण आहे, हे पाहून ठेवतात. वसंतात पाणी चढते, काठावरच्या झुडपांत शिरते, आणि क्रॉपी विणीसाठी त्याच झुडपांत येतो.

कोकणात खाडीवर गरवायला जाणाऱ्याचे घड्याळ म्हणजे भरती-ओहोटी. तलावाला भरती नाही. इथले घड्याळ पाण्याचे तापमान आहे, आणि ते महिन्यांच्या हिशेबाने चालते.

हिवाळ्यात क्रॉपी खोल पाण्यात, जुन्या नदीपात्राच्या कडांना थव्याने उभा असतो. अंगातला वेग मंदावलेला असतो, आमिष तोंडासमोर बराच वेळ धरावे लागते. पाणी 10 अंश सेल्सिअसच्या वर सरकू लागले, की थवे ओढ्यांच्या पात्रांवरून हळूहळू उथळ भागाकडे निघतात आणि वाटेतल्या प्रत्येक खुंटावर, वळणावर थांबत जातात. पाणी 16 ते 20 अंशांच्या दरम्यान आले की विणीचा काळ. नर आधी काठाजवळ येतात, शेपटी आणि परांनी तळ साफ करून उथळ खळगा करतात. मादी अंडी घालून खोल पाण्याकडे परतते आणि नर राखणीला राहतो. राखणीच्या काळात तो खळग्याजवळ आलेल्या कशावरही झडप घालतो, म्हणून वसंतात काठावरून साध्या बांबूच्या काठीनेही क्रॉपी मिळतात. शाळकरी पोरांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळे तलावावर दिसतात ते याच दिवसांत.

दक्षिणेकडच्या राज्यांत या दिवसांची खूण झाडावर पाहतात. डॉगवूडला पांढरी फुले आली, की क्रॉपी काठाला आला असे समजायचे. ही खूण चांगली आहे, कारण झाड आणि पाणी दोन्ही त्याच उन्हाने तापतात. तरीही थर्मामीटर बरोबर असावा. एकाच तलावात उत्तरेचा काठ दक्षिणेच्या काठाआधी तापतो, कारण त्याच्यावर ऊन सरळ पडते आणि उत्तरेच्या गार वाऱ्यापासून त्याला आडोसा असतो. उथळ, गढूळ पाणी खोल, निवळ पाण्याआधी तापते. म्हणजे एका तलावात विणीचा हंगाम एका दिवशी सुरू होत नाही. एका काठावर तो संपत आलेला असताना दुसरीकडे सुरू होत असतो, आणि ज्याला हे कळते त्याला आठवडाभराऐवजी महिनाभर काठावरची मासेमारी मिळते.

‘काठावर’ म्हणजे किती पाण्यात, हे पुन्हा पाण्याच्या रंगावर. गढूळ तलावात खळगा दोन फुटांवर असू शकतो, काचेसारख्या पाण्यात दहा फुटांवर किंवा त्याहूनही खाली. एक साधी परीक्षा सांगतात: पांढरी जिग (शिशाच्या डोक्याची गरी) पाण्यात सोडावी आणि ती दिसेनाशी होते ती खोली पाहावी. ती जेवढी कमी, तेवढा मासा उथळ.

उन्हाळ्यात सगळे बदलते. खोल तलावाच्या पाण्याचे थर पडतात: वर गरम पाणी, खाली गार, आणि मध्ये एक पातळ पट्टा, जिथे तापमान झपाट्याने उतरते. या पट्ट्याला थर्मोक्लाइन म्हणतात. अन्नद्रव्यांनी भरलेल्या तलावात त्याच्याखालचा प्राणवायू उन्हाळाभर कमी होत जातो आणि मासा तिथे टिकत नाही. मग क्रॉपी कुठे जाईल? वरचे पाणी फार गरम, खालच्या पाण्यात प्राणवायू नाही. तो पट्ट्याच्या थोडासा वर, गार पाणी आणि प्राणवायू दोन्ही मिळतील अशा जागी उभा राहतो. तळ चाळीस फुटांवर असला तरी मासा पंधरावर असू शकतो, आणि तळाशी आमिष सोडून बसलेला माणूस संध्याकाळी रिकाम्या हाताने परततो. दोरीला थर्मामीटर बांधून दोन-दोन फुटांनी तापमान घेतले, तर हा पट्टा पंधरा मिनिटांत सापडतो. जुलैच्या रात्री पुलाखाली दिवा लावून बसण्याची पद्धतही याच दिवसांतली. दिव्याभोवती सूक्ष्मजीव जमतात, त्यांच्यामागे शॅड नावाची लहान मासळी आणि शॅडमागे क्रॉपी. अंधुक उजेडात पाहण्यासाठीच बनलेले त्याचे मोठे डोळे तेव्हा त्याच्या कामी येतात.

शरदात वरचे पाणी गार होऊन खाली बसते आणि थर मोडतात. पाण्याची ही घुसळण चालू असते ते दिवस अवघड, कारण क्रॉपी कोणत्याही खोलीवर असू शकतो. ती संपली की शॅडचे थवे ओढ्यांत शिरतात आणि क्रॉपी त्यांच्या पाठोपाठ.

आता हातातल्या सामानाकडे. नव्या माणसाने सरकत्या बुचापासून सुरुवात करावी, कारण क्रॉपीचे सगळे शास्त्र त्या एका जुळणीत आहे. तंगुसावर आधी दोऱ्याची एक घट्ट गाठ, तिच्याखाली बारीक मणी, मग आरपार भोक असलेले बूच, त्याखाली शिशाचा एक छोटा दाणा आणि शेवटी गरी. गाठ इतकी लहान असते की ती काठीच्या कड्यांतून आत-बाहेर सहज जाते आणि रिळावर गुंडाळलीही जाते. फेकताना बूच खाली शिशापाशी असते, म्हणून फेक नीट जाते. पाण्यात पडल्यावर शिसे तंगूस खाली ओढत नेते आणि मणी गाठीला अडकला की थांबते. गाठ बोटाने सहा इंच वर सरकवली, की आमिष सहा इंच खाली जाते. तीन फुटांपासून सुरुवात करून मासा लागेपर्यंत गाठ सरकवत राहायचे, आणि लागला की तिला हात लावायचा नाही.

गरी बारीक तारेची हवी. क्रॉपी झाडोऱ्यात राहतो, म्हणजे गरी फांदीत अडकणारच. जाड गरी अडकली तर तंगूस तुटते आणि सगळी जुळणी जाते. अ‍ॅबरडीन घाटाची बारीक गरी सावकाश ओढल्यावर वाकते आणि सुटून येते, पकडीने पुन्हा सरळ करून तीच वापरता येते. तिच्यावर मिनो, म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढी जिवंत मासळी, दोन्ही ओठांतून किंवा पाठीच्या पराखालून अलगद अडकवतात. ती जितका वेळ हालचाल करत राहील तितके बरे.

बूच बुडले म्हणजे मासा लागला, हे सगळ्यांना ठाऊक असते. क्रॉपीच्या बाबतीत बूच आडवे पडले तरी मासा लागलेला असतो. तो खालून येतो, आमिष तोंडात घेऊन वर उचलतो, शिशाचे वजन तंगुसावरून निघते आणि उभे असलेले बूच कलंडते. नवखा माणूस वाऱ्याने कलंडले असे समजून पाहत राहतो. तेवढ्यात आमिष गेलेले असते. आडवे पडलेले बूच दिसताच काठी उचलायची, पण झटका द्यायचा नाही. क्रॉपीच्या तोंडाभोवतीचा पडदा इतका पातळ असतो की त्याच्या आरपार उजेड दिसतो. जोरात हिसका दिला तर गरी तो पडदा फाडून बाहेर येते. म्हणून काठी मऊ, लवचिक हवी, मासा एका चालीने वर आणायचा आणि मोठा असेल तर होडीशेजारी जाळे लावायचे.

जिग म्हणजे शिशाचे डोके असलेली गरी, तिच्यावर पिसांचा, केसांचा किंवा मऊ प्लास्टिकचा लहानसा देह. क्रॉपीसाठी औंसाचा बत्तिसावा, सोळावा किंवा आठवा हिस्सा एवढ्या वजनाची जिग वापरतात. पुष्कळांना वाटते, वजनाचा संबंध फेकीच्या लांबीशी आहे. खरा संबंध जिग किती वेगाने बुडते याच्याशी आहे. हलकी जिग माशाच्या डोळ्यांसमोरून सावकाश उतरते आणि त्याला विचार करायला वेळ देते. जड जिग खोलवर पटकन पोहोचते आणि वाऱ्यातही कुठे आहे ते हाताला कळते. जिग पाण्यात आडवी लोंबली पाहिजे, खऱ्या मासळीसारखी. जिगच्या कड्यावर बांधलेली गाठ पुढे किंवा मागे सरकली की जिग तिरपी होते, म्हणून प्रत्येक माशानंतर गाठ बोटाने पुन्हा जागेवर आणावी. एवढी साधी गोष्ट, पण तिने पडणारा फरक मोठा असतो. रंगांच्या नावांचे तर वेगळे पुस्तक होईल. सुरुवातीला दोन पुरेत: गढूळ पाण्यात काळा आणि पोपटी यांची जोडी, निवळ पाण्यात पांढरा किंवा फिकट राखाडी.

होडी असली की खोली शोधण्याचे काम अनेक काठ्यांवर वाटून देता येते. दक्षिणेत होडीच्या नाळेवर पंख्यासारख्या आठेक लांब काठ्या लावतात आणि विजेच्या लहान मोटरने होडी माणसाच्या चालीपेक्षाही मंद वेगाने पुढे ढकलतात. लांबून ते कोळ्याच्या पायांसारखे दिसते, म्हणून याला ‘स्पायडर रिगिंग’ म्हणतात. प्रत्येक काठीचे आमिष वेगळ्या खोलीवर. ज्या काठीला दोन मासे लागोपाठ लागले, तिच्या खोलीला बाकीच्या सगळ्या आणायच्या. टेनेसीचे रॉनी कॅप्स आणि स्टीव्ह कोलमन या जोडीने क्रॉपीच्या अनेक राष्ट्रीय स्पर्धा अशाच पद्धतीने जिंकल्या. एका तंगुसावर वरखाली दोन गऱ्या असलेली त्यांची जुळणी त्यांच्याच नावाने विकली जाते. एका काठीने दोन वेगळ्या खोलींवर मासा शोधायचा, एवढाच तिचा हिशेब.

ही पद्धत सगळीकडे चालत नाही. मिनेसोटात उघड्या पाण्यात एका माणसाला एकच तंगूस सोडता येते, गोठलेल्या तलावावर दोन. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आणि ते दरवर्षी बदलू शकतात, म्हणून परवाना काढतानाच त्या वर्षाची नियमपुस्तिका वाचावी.

लाकडी धक्के असलेल्या तलावांवर आणखी एक कसब पाहायला मिळते. मिसुरीच्या लेक ऑफ द ओझार्क्सवर काठाकाठाने घरांचे तरंगते धक्के आहेत आणि त्यांच्या सावलीत, अगदी आतल्या कोपऱ्यात क्रॉपी उभे असतात. तिथे फेकून जिग पोहोचत नाही. मग मासेमार जिगचे डोके चिमटीत धरतो, गरीचे टोक बोटांपासून दूर ठेवून, आणि तंगूस मागे ओढून लहान काठीला धनुष्यासारखा बाक देतो. काठीचे टोक पाण्यालगत असते. चिमटी आणि रिळावरचे बोट एकाच क्षणी सुटले, की जिग पाण्याला घासत धक्का आणि पाणी यांच्यातल्या अर्ध्या फुटाच्या फटीतून आत जाते. त्यानंतर तंगूस सैल ठेवून जिग बुडू द्यायची. मासा बहुधा ती बुडत असतानाच घेतो, आणि हाताला काही कळण्याआधी तंगूस बाजूला सरकलेले दिसते.

धक्का नसेल तिथे लोक स्वतःच आडोसा करतात. नाताळनंतर फेकून दिलेली झाडे काँक्रीटच्या ठोकळ्यांना बांधून तलावात बुडवण्याची पद्धत जुनी आहे. काही जण बादलीत सिमेंट ओतून त्यात बांबू उभे करतात. अनेक राज्यांचे मत्स्यविभाग अशा जागा स्वतः तयार करतात आणि त्यांचे नकाशे लोकांना देतात. स्वतः बुडवायचे तर तलाव ज्याच्या ताब्यात आहे त्याची परवानगी आधी घ्यावी लागते.

क्रॉपीच्या पिढ्यांचा चढउतारही समजून घ्यायला हवा. मादी हजारोंनी अंडी घालते, पण कोणत्या वर्षीची पिल्ले जगतील याचा नेम नसतो. पाण्याची पातळी, थंडीची लाट, खाणारे मोठे मासे, सगळ्यांचा त्यात हात असतो. मिनेसोटाच्या उत्तरेतल्या अपर रेड लेकवर हे ठळकपणे दिसले. बेसुमार पकडीमुळे तिथला वॉलाय हा शिकारी मासा नाहीसा होत आला आणि 1999 मध्ये त्याची मासेमारी बंद झाली. वॉलाय नाही म्हटल्यावर 1995 सालची क्रॉपीची पिढी भरभरून जगली आणि वाढली. पुढची काही वर्षे हिवाळ्यात त्या गोठलेल्या तलावावर दूरदूरच्या राज्यांतून गाड्या येत होत्या. तलावात पिल्ले सोडल्यानंतर वॉलाय परतला, 2006 मध्ये त्याची मासेमारी पुन्हा उघडली, आणि तोवर क्रॉपीची ती पिढी ओसरली होती. ज्यांनी ते दिवस कायमचे मानून तलावाकाठी धंदे उभारले, त्यांना ते जड गेले असणार. क्रॉपीच्या तलावाची कीर्ती ऐकून तिकडे निघण्याआधी ती कीर्ती कोणत्या वर्षातली आहे हे विचारून घ्यावे.

2018 मध्ये गार्मिन कंपनीने ‘लाइव्हस्कोप’ नावाचे सोनार बाजारात आणले आणि खोलीच्या प्रश्नाचे रूपच पालटले. आधीच्या सोनारवर होडीखालून गेलेल्या माशाची रेघ उमटायची. याच्या पडद्यावर होडीपुढच्या पाण्यातला मासा त्याच क्षणी हलताना दिसतो, त्याच्याकडे जाणारी जिग दिसते, मासा वर वळला की पाठ फिरवून गेला तेही दिसते. वर पाहून खाण्याची सवय पुस्तकात वाचण्याऐवजी डोळ्यांनी पाहायला मिळते, हा त्याचा मोठा उपकार. पण मोकळ्या पाण्यात एकेकटे फिरणारे सगळ्यात मोठे मासे पूर्वी सहसा कोणाच्या हाती लागत नसत. तेच आता नेमके शोधून काढता येतात. एवढ्या नेमक्या पकडीपुढे जुन्या मर्यादा पुरतील का, यावर राज्याराज्यांत वाद चालू आहे, आणि तो रास्त आहे. ज्याला पडदा परवडत नाही त्याने मात्र मन खट्टू करून घेऊ नये. थर्मामीटर, सरकते बूच आणि तलावाच्या वर्षाची ओळख यांवर क्रॉपी आजही मिळतो.

डॅलस, ह्यूस्टन, अटलांटा, मिनिआपोलिस या शहरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना क्रॉपीचा एखादा तरी तलाव गाडीने जाण्याच्या अंतरावर असतो. मुलांना घेऊन जायला याच्यासारखा मासा नाही. टेक्सासमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलांना परवानाही लागत नाही. मासा खायला गोड, पांढऱ्या मऊ मांसाचा. दक्षिणेतले लोक मक्याच्या पिठात घोळवून तळतात. हळद-तिखट-मीठ लावून रव्यात घोळवला तरी छान होतो, फक्त काप पातळ असल्याने तव्यावर फार वेळ ठेवू नये.

सोडून द्यायचा असेल, तर मात्र तो किती खोलीवरून आला हे आधी पाहावे लागते. क्रॉपीच्या पोटातली हवेची पिशवी बंद असते, मासा ती झटपट रिकामी करू शकत नाही. तीस-चाळीस फुटांवरून त्याला भरभर वर ओढले, की पाण्याचा दाब कमी होऊन पिशवी फुगते, आतली इंद्रिये दाबली जातात, आणि पाण्यात परत सोडलेला मासा पोहत दूर गेलेला दिसला तरी पुष्कळदा वाचत नाही. टेक्सासमध्ये एरवी दहा इंचांहून लहान क्रॉपी सोडावा लागतो आणि दिवसाला पंचवीसच ठेवता येतात. डॅलसच्या पूर्वेला असलेल्या लेक फोर्कवर डिसेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत लांबीचा नियम उलटा केला आहे. त्या काळात क्रॉपी तिथे खोल पाण्यात असतो, म्हणून लहान असो वा मोठा, पकडलेला प्रत्येक मासा ठेवावाच लागतो आणि मर्यादेत मोजला जातो. लहान सोडून मोठे निवडत बसायला तिथे मुभा नाही. पंचविसावा क्रॉपी होडीत आला, की त्या दिवसापुरती क्रॉपीसाठीची गरी पाण्याबाहेर काढायची.